संडास-लघवीच्या तक्रारी : डॉक्टरांकडे कधी जायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या डिचोली, सत्तरी आणि पेडणे या तालुक्यांतल्या सरकारी आरोग्य केंद्रांत मी बत्तीस वर्षं परिचारिका होते. निवृत्त झाल्यावरही महिला मंडळात, देवळाच्या मंडपात, ज्येष्ठांच्या मेळाव्यात आरोग्यावर बोलायला बोलावतात. माईकवर कोणी काही विचारत नाही. चहाचे कप फिरायला लागले की एखादी बाई मला खांबाआड नेते आणि हळूच सांगते. पुरुष रात्री फोन करतात, "एका मित्राला त्रास आहे" असं म्हणून. तेच प्रश्न इथे गोळा केले आहेत. नावं-गावं काढली आहेत, बोलणं मात्र जसं आलं तसं ठेवलं आहे.

मी डॉक्टर नाही. आजार कुठला हे मी सांगणार नाही, कधी उठून दाखवायला जायचं एवढंच सांगेन.

१. दिवसातून किती वेळा जाणं नॉर्मल धरायचं?

संडासला दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, यातलं काहीही चालतं. रोज सकाळी साफ झालंच पाहिजे, असा शरीराचा नियम नाही. लघवीला जागेपणी साधारण सहा-सात वेळा आणि रात्री फार तर एकदा. पावसाळ्यात जास्त, मे महिन्यात घाम गेल्यावर कमी. या आकड्यांपेक्षा तुमची स्वतःची सवय महत्त्वाची. वर्षानुवर्षं दोन दिवसांनी जाणारा माणूस ठणठणीत असू शकतो. रोज पेज प्यायल्यावर घड्याळ लावल्यासारखा जाणारा माणूस अचानक चार-चार दिवस अडकायला लागला, तर विचारायला हवं.

२. मग "दाखवण्यासारखं" नेमकं कशाला म्हणायचं?

मी तीन गोष्टी बघायला सांगते. त्रास नवा आहे का? तीन आठवडे झाले तरी थांबत नाही का? आणि त्याचं कारण तुम्हाला सांगता येतं का? लग्नात जेवलात आणि दोन दिवस पोट बिघडलं, याचं कारण माहीत आहे. महिनाभर संडासची तऱ्हाच बदलली आणि खाण्यापिण्यात काही फरक नाही, याचं कारण माहीत नाही. ते दाखवायचं.

रक्ताला हा तीन आठवड्यांचा हिशेब लागू नाही. संडासात किंवा लघवीत रक्त दिसलं की त्याच आठवड्यात जायचं. त्रासाबरोबर वजन घटत असेल, संध्याकाळी कणकण येत असेल, पोटात गाठ लागत असेल, किंवा पोटाच्या त्रासाने झोपेतून जाग येत असेल, तरीही वाट बघायची नाही. हिमोग्लोबिन कमी निघालं तरी तसंच. पाळी चालू असलेल्या बाईचं रक्त कमी असण्याचं कारण बऱ्याचदा पाळीतच सापडतं. पुरुषाचं किंवा पाळी गेलेल्या बाईचं लोह कमी झालं, तर ते आतड्यातून झिरपत नाही ना हे बघावं लागतं. नुसत्या टॉनिकच्या बाटल्या आणून भागत नाही.

आईवडील किंवा भावंडांपैकी कोणाला आतड्याचा कर्करोग झाला असेल, तर ते डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. तुम्हाला काहीही त्रास नसला तरी सांगा.

३. आणि कधी सकाळ व्हायचीही वाट बघायची नाही?

लघवी पूर्ण अडली आहे, ओटीपोट टणक झालंय आणि माणूस कळवळतोय. पोट फुगलंय, उलट्या होतायत आणि संडास सोडाच, वाराही सरत नाही. डांबरासारखी काळी संडास होऊन चक्कर येते, घाम फुटतो. रक्त थांबतच नाही किंवा गुठळ्या पडतायत. बरगडीखाली पाठीत कळ आणि हुडहुडी भरून ताप, सोबत लघवीला जळजळ. कंबरदुखीबरोबर लघवी-संडासवरचा ताबा सुटणं (हे प्रश्न १४ मध्ये नीट सांगितलं आहे).

यातलं काहीही झालं तर १०८ ला फोन करा. "रात्रीचं कशाला त्रास द्यायचा?" असं म्हणणारी घरं मी पाहिली आहेत. हा त्रास देण्यासाठीच ती गाडी आहे.

४. संडासला लाल रक्त पडतं. मूळव्याधच असणार ना?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त येतो आणि माझं उत्तर ठरलेलं आहे : असेलही, पण ते तुम्ही ठरवायचं नाही.

मूळव्याधीत बहुतेक वेळा संडास झाल्यावर ताजं लाल रक्त थेंब-थेंब पडतं आणि दुखत नाही. गुदद्वाराला चीर पडली असेल तर काच कापावी तशी आग होते आणि कागदाला किंवा बोटाला थोडंसं रक्त लागतं. हे दोन्ही खूप सामान्य आहे. अडचण अशी की मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागातली गाठही अगदी असंच लाल रक्त देऊ शकते. आणि मूळव्याध असलेल्या माणसाला गाठ होत नाही, असंही काही नाही. एकाच माणसाला दोन्ही असतात. पंधरा वर्षं मूळव्याध आहे म्हणून सोळाव्या वर्षीचं रक्तही तिचंच, हे कोणी सांगितलं?

रक्त संडासात मिसळलेलं असणं, सोबत शेंबडासारखा आव पडणं, जाऊन आल्यावरही अजून काही राहिलंय असं वाटत राहणं, संडास पूर्वीपेक्षा बारीक होणं, वय पंचेचाळीसच्या पुढे असणं : यातलं काहीही असलं तर तपासणी टाळू नका. तपासणी म्हणजे आधी हातमोजा घालून बोटाने बघतात, मग लहान नळीतून बघतात. दोन-तीन मिनिटांचं काम. त्यावर भागलं नाही तर दुर्बिणीतून मोठं आतडं बघायला सांगतात.

रस्त्याकडेच्या भिंतीवर "मूळव्याध, भगंदर, विनाऑपरेशन" असं रंगवलेलं असतं. तिथे जाऊन इंजेक्शन टोचून घेण्याआधी निदान काय, ते शिकलेल्या डॉक्टरकडून कळू द्या. रक्त कशाचं आहे हे न बघता ते थांबवणं धोक्याचं असतं.

एक दिलाशाची गोष्ट. आपल्याकडे तांबडी भाजी (लाल माठ) आठवड्यातून दोनदा होते, आणि बीटही. या दोन्हींनी संडासला लालसर छटा येऊ शकते. काल काय खाल्लं ते आठवा, दोन दिवस ते बंद ठेवा आणि बघा. रंग गेला नाही किंवा खाल्लंच नव्हतं, तर चला.

५. संडास काळी होते. लोहाच्या गोळ्या चालू आहेत. घाबरायचं का?

लोहाच्या गोळीने संडास काळपट-हिरवट होते, हे अपेक्षित आहे. आम्लपित्तावरची बिस्मथ असलेली औषधंही तसंच करतात. धोक्याची काळी संडास वेगळी असते : डांबरासारखी चकचकीत, चिकट, पाणी ओतलं तरी भांड्याला धरून बसणारी आणि तिचा वास विसरता येत नाही असा. ते जठरातून आलेलं, पचलेलं रक्त असतं. गुडघेदुखीवर दुकानातून आणलेल्या गोळ्या रोज घेणाऱ्यांमध्ये आणि नेमाने दारू घेणाऱ्यांमध्ये मी ते पाहिलंय. अशी संडास झाली तर त्याच दिवशी इस्पितळ.

६. लघवी एकदाच लाल झाली, मग आपोआप साफ झाली. आता कशाला जायचं?

कारण साफ होणं हा बरं होण्याचा पुरावा नाही.

माझे थोरले काका फोंड्याच्या बाजूला कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, राबले. पोफळीला पाणी लावणं, सुपारी पाडणं, आणि खिशात कायम विडीचं बंडल. मुलाने घरात नवीन बाथरूम बांधली, पांढऱ्या फरशीची. त्या पांढऱ्या फरशीमुळेच त्यांना दिसलं की लघवी लाल आहे. दुखत नव्हतं, जळत नव्हतं. काकी म्हणाली उष्णता, आणि सब्जा भिजत घातला. दुसऱ्या दिवशी लघवी स्वच्छ. गुण आला म्हणून सगळे खूश. मला कोणी सांगितलंही नाही, मी घरातलीच परिचारिका असून.

सात महिन्यांनी गुठळ्या आल्या आणि लघवी अडली. तोवर मूत्राशयातली गाठ भिंतीच्या आत खोल गेली होती. मूत्राशय काढावं लागलं. आज काका आहेत, कुळागरात फिरतात, पण पोटावर पिशवी आहे आणि ती काकी बदलते. ती बदलताना ती दर वेळी एकच वाक्य बोलते, "मी सब्जा दिला." मी तिला सांगते, तुझी चूक नाही, तुला कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणून मी हे सगळ्यांना सांगत फिरते.

मूत्राशयाच्या गाठीतून रक्त येतं, थांबतं, आठवडे-महिने काही दिसत नाही, पुन्हा येतं. बऱ्याचदा वेदना अजिबात नसते. न दुखता आलेलं रक्त जास्त गंभीरपणे घ्यायचं, हे लोकांना उलटं वाटतं, पण तसंच आहे. विडी-सिगारेट हे या कर्करोगाचं सर्वांत मोठं ज्ञात कारण आहे. मुतखड्याने आणि जंतुसंसर्गानेही रक्त येतं, तेव्हा सहसा कळ किंवा जळजळ असते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्या तरी "गोळीमुळेच आलं" म्हणून सोडायचं नाही. गोळी रक्त वाहतं ठेवते, ते कुठून येतंय हे शोधावंच लागतं.

लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी आधी होते. सोनोग्राफीत लहान गाठ सुटू शकते, म्हणून डॉक्टरांनी दुर्बिणीने मूत्राशय बघायला सांगितलं तर "सोनोग्राफी चांगली आली" म्हणून टाळू नका. बीटाने लघवी गुलाबी होते, पाळीचं रक्त मिसळू शकतं, हे खरं. नमुना दिला की दहा मिनिटांत त्याचा निकाल लागतो.

७. लघवी गडद होते, कधी फेस येतो. हे कशाचं?

उन्हात राबून पाणी कमी पडलं तर गडद होते आणि दोन तांबे पाणी प्यायल्यावर फिकट होते. बी-कॉम्प्लेक्सने पिवळीधमक होते. क्षयाच्या औषधातल्या रिफाम्पिसिनने नारिंगी होते, त्यासाठी औषध बंद करू नका.

चहाच्या कोऱ्या काढ्यासारखी गडद लघवी आणि डोळे पिवळे, ही कावीळ. त्यात संडास मातीसारखी फिकी झाली तर पित्ताची वाट अडली असू शकते, लगेच दाखवा. फेस रोज, दाट आणि पाणी ओतल्यावरही न जाणारा असेल, तर लघवीतून प्रथिन जातंय का ते तपासून घ्या. मधुमेह आणि रक्तदाब असलेल्यांनी ही तपासणी फेस नसतानाही वर्षातून एकदा करावी.

पावसाळ्यात शेतात, चिखलात काम करणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. ताप, पोटऱ्या ठणकणं, डोळे लाल, आणि लघवी कमी किंवा गडद होणं, हे लेप्टोस्पायरोसिस असू शकतं. उंदराच्या मुतामुळे दूषित झालेल्या पाण्यातून तो होतो. आरोग्य केंद्रात गेल्यावर "मी शेतात पाण्यात काम करतो" हे वाक्य आधी बोला. त्यावरून डॉक्टरांचं लक्ष लगेच तिकडे जातं.

८. उन्हाळ्या लागल्यात. धण्या-जिऱ्याचं पाणी पुरे ना?

एक-दोन दिवस पाणी वाढवून बघा, शहाळं घ्या, धण्या-जिऱ्याचं पाणीही प्या. त्याने नुकसान नाही. दोन दिवसांत उतार पडला नाही, ताप आला, पाठीत दुखलं किंवा रक्त दिसलं तर घरचा उपाय संपला.

बायकांना असा जंतुसंसर्ग होणं सामान्य आहे आणि योग्य औषधाने तो लवकर बरा होतो. चूक होते ती घरात उरलेल्या प्रतिजैविकाच्या दोन गोळ्या घेण्यात. जंतू अर्धे मरतात, उरलेले निगरगट्ट होतात, आणि पुढच्या वेळी साधी औषधं चालत नाहीत. औषध घेण्याआधी लघवीचा नमुना द्या. पहिली धार सोडून मधली धार बाटलीत घ्यायची.

आता अपवाद. गरोदर बाईला जळजळ नसली तरी तपासणीत जंतू निघाले तर उपचार करतात, नाहीतर किडनीपर्यंत संसर्ग चढू शकतो. पुरुषाला उन्हाळ्या लागल्या तर पहिल्याच वेळी डॉक्टर. लहान मुलाला कारण न कळणारा ताप असेल तर लघवी तपासायला सांगा. आणि वर्षातून तीन-चार वेळा होत असेल तर "हे माझ्या नशिबातच" म्हणून बसू नका : साखर, मुतखडा, लघवी पूर्ण न सुटणं, पाळी गेल्यावर आलेला कोरडेपणा, काहीतरी सापडतं.

९. रात्री चार-चार वेळा उठावं लागतं. वय झालं म्हणून सोडून द्यायचं?

वयाने थोडं होतं. पण वय हे निदान नव्हे.

पुरुषांत मूत्राशयाखालची प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली असते : धार बारीक, सुरू व्हायला वेळ, संपल्यावर थेंब. बहुतेकदा ही साधी वाढ असते आणि गोळ्यांनी आराम पडतो. कर्करोग वेगळा, पण लक्षणांवरून दोन्ही ओळखता येत नाहीत, म्हणून दाखवायचं. बाई असो की पुरुष, साखर तपासा. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी रात्री घेता का ते बघा, तिची वेळ डॉक्टरांना विचारून बदलता येते. मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर काढतात, त्यानेही फेऱ्या वाढतात. संध्याकाळी पाय सुजत असतील आणि आडवं झाल्यावर दम लागत असेल, तर त्या लघवीचं मूळ हृदयात असू शकतं. मोठ्याने घोरणाऱ्यांनाही रात्री जास्त जावं लागतं, श्वास अडकण्याचा तो एक परिणाम आहे.

प्रोस्टेट वाढलेल्यांना एक इशारा. सर्दीच्या गोळ्या, हुर्राकाच्या (काजूच्या ताज्या दारूच्या) दिवसांतली बैठक आणि बराच वेळ लघवी दाबून ठेवणं, यातलं एखादंही लघवी पूर्ण अडवायला पुरतं. मग प्रश्न ३.

१०. शिंकलं, हसलं, कळशी उचलली की लघवी निसटते. याला उपाय असतो?

असतो. आणि याच्यामुळे मरण येत नाही म्हणून बायका वीस-वीस वर्षं सोसतात, याचं मला फार वाईट वाटतं. एका लग्नाच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसलेली वहिनी मांडीवर पिशवी घट्ट धरून पूर्ण वाट पुढे वाकून बसली होती. उतरताना तिने पिशवी मागे धरली, तेव्हा मला कळलं. तिने त्या दिवशी सकाळपासून पाणी प्यायलं नव्हतं. वय बेचाळीस.

बाळंतपणाने ओटीपोटाखालचे स्नायू सैलावतात. वारा रोखताना जे स्नायू आवळतो, तेच आवळून पाच-सहा सेकंद धरायचे आणि सोडायचे. एका वेळी दहा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. पोट आणि मांड्या आवळायच्या नाहीत, श्वास रोखायचा नाही. बऱ्याच जणींना यानेच फरक पडतो. अंग बाहेर येत असेल, लघवीत रक्त असेल, किंवा निसटणं अचानक सुरू झालं असेल, तर व्यायामाआधी स्त्रीरोगतज्ज्ञ. पाणी कमी पिऊ नका. लघवी दाट झाली की मूत्राशय आणखी चिडतं.

११. पन्नाशी उलटली. पोट फुगतं, दोन घासांत भरतं, लघवीला सारखं जावं लागतं. गॅसच ना?

हा प्रश्न ज्या बाईने विचारला, तिला मी दुसऱ्याच दिवशी सोनोग्राफीला पाठवलं. कारण अशी चार लक्षणं (फुगणं, लवकर पोट भरणं, ओटीपोटात दुखणं, वारंवार लघवी) अंडाशयाच्या कर्करोगाचीही असतात. तिच्या बाबतीत सुदैवाने तसं काही निघालं नाही. महिन्यातून बारापेक्षा जास्त दिवस हे होत असेल आणि आधी कधी नव्हतं, तर सोनोग्राफी आणि रक्तातली सीए-१२५ ही तपासणी करतात. पन्नाशीनंतर आयुष्यात पहिल्यांदा "पोटाचा त्रास" सुरू झालेल्या बाईला ओव्याचं पाणी देऊन परत पाठवू नये, असं माझं ठाम मत आहे.

१२. महिनाभर कधी पातळ, कधी घट्ट. टेन्शनमुळे असेल का?

असेल. आतड्याचा हा चिडकेपणा खराच असतो आणि तो पुष्कळांना असतो. पण तो माणसाला सहसा झोपेतून उठवत नाही, वजन घटवत नाही, रक्त पाडत नाही आणि ताप आणत नाही. यातलं काही असेल तर आतड्याचा क्षय, आतड्याला येणारी सूज किंवा गाठ यांचा विचार करावा लागतो. आतड्याचा क्षय आपल्या देशात आजही दिसतो आणि खोकला नसतानाही होतो.

जाण्याआधी औषधं आठवा. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनने पातळ होते. कॅल्शियम, लोह आणि वेदनाशामकांपैकी काहींनी घट्ट होते. प्रतिजैविकाच्या कोर्सनंतर जुलाब लागले आणि थांबले नाहीत, तर ते आवर्जून सांगा. थायरॉइड कमी असेल तर बद्धकोष्ठता, वाढला असेल तर पातळ. पावसाळ्यात विहिरीचं पाणी गढूळ झालं की घरातल्या सगळ्यांचंच पोट बिघडतं. एकट्याचंच बिघडलं आणि बिघडलेलंच राहिलं, तर कारण पाण्यात शोधू नका.

१३. आजी अंथरुणाला खिळली आहे. आठ दिवस संडास नाही आणि आता पातळ गळतंय. जुलाब थांबवायची गोळी देऊ?

देऊ नका. आत घट्ट मळाचा गोळा अडकला की वरचं पातळ त्याच्या कडेने झिरपतं. बाहेरून जुलाब दिसतो, आत बद्धकोष्ठता असते. गोळी दिली तर अडकलेलं आणखी अडकेल. परिचारिकेला किंवा डॉक्टरांना घरी बोलवा, बोटाने तपासलं की कळतं. याच गोळ्याच्या दाबाने म्हाताऱ्या माणसांची लघवीही अडते. आजी अचानक असंबद्ध बोलायला लागली, माणसं ओळखेना, तर "म्हातारचळ" म्हणू नका. लघवीचा संसर्ग, अडलेली लघवी किंवा अडकलेला मळ, आधी हे बघा.

१४. संडास आणि लघवी, दोन्ही एकाच वेळी बिघडलं. याचा काही संबंध असतो का?

हा प्रश्न कमी येतो, पण आला की मी हातातलं काम ठेवते.

दोन्ही अवयवांना हुकूम देणाऱ्या नसा पाठीच्या कण्याच्या खालच्या टोकातून येतात. तिथे चकती सरकून नसा दाबल्या तर दोन्हीवरचा ताबा जातो. सायकलच्या सीटला शरीराचा जो भाग टेकतो, तो बधिर होणं, धुताना हात लागल्याचं न कळणं, पायांत ताकद नसणं, लघवी भरल्याची जाणीवच न होणं, असं कंबरदुखीबरोबर झालं तर काही तासांतच मोठ्या इस्पितळात पोचावं लागतं. उशीर झाला तर ताबा कायमचा जाऊ शकतो. मालीश, शेक, गावातला हाड बसवणारा, यांत एक दिवसही घालवू नका.

हळूहळू, महिन्यांत होत गेलं तर कारणं वेगळी : जुना मधुमेह, कंपवात, मज्जारज्जूवरचा दाब. साधं कारणही असतं, बद्धकोष्ठता मूत्राशयाला रेटते. ॲलर्जीच्या आणि मनाच्या आजारांवरच्या काही गोळ्या दोन्ही अडवतात. पण साधं कारण शेवटी धरायचं, आधी नसा तपासून घ्यायच्या.

१५. मुलगा सात वर्षांचा. दोन वर्षं कोरडा होता, आता पुन्हा अंथरूण भिजवतो. हट्ट असेल?

हट्ट नाही. पाच वर्षांपर्यंत रात्री भिजणं चालतं, पुढेही काही मुलांना वेळ लागतो. पण सहा महिन्यांहून जास्त कोरडं राहिलेलं मूल पुन्हा भिजवायला लागलं तर कारण शोधायचं. सोबत खूप तहान, वजन उतरणं, मरगळ असेल तर त्याच दिवशी साखर तपासा. मुलांचा मधुमेह काही दिवसांत बेशुद्धीपर्यंत नेतो. लघवीला मुंग्या लागल्या हे एका आजीच्या लक्षात आलं, आणि ते मूल वेळेत पोचलं.

तसं नसेल तर बद्धकोष्ठता विचारा. शाळेतलं शौचालय घाण असतं म्हणून मुलं दिवसभर सगळं दाबून धरतात. आणि मुलाला मारू नका, लाजवू नका.

तान्ह्या बाळाचं वेगळं आहे : दोन आठवड्यांनंतरही कावीळ आणि संडास पांढुरकी, किंवा मुलग्याची लघवीची धार जन्मापासून थेंब-थेंब, किंवा कळवळून रडणं आणि जेलीसारखी लाल संडास. तिन्ही वेळा तातडीने बालरोगतज्ज्ञ.

१६. जायचं कुठे?

आधी जवळचं आरोग्य केंद्र. तिथे लघवी, साखर, हिमोग्लोबिन होतं आणि पुढे पाठवायची चिठ्ठी मिळते. पुढे म्हापसा किंवा मडगावचं जिल्हा इस्पितळ, फोंड्याचं उपजिल्हा इस्पितळ, नाहीतर बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ. ओपीडी सकाळची असते, पहिल्या बसने निघा. चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका, नुसतं "पांढरी गोळी" सांगून उपयोग होत नाही. दाखल व्हावं लागलं तर गोवा सरकारच्या दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड लागतं. त्याचं नूतनीकरण झालंय का, ते आजारी पडायच्या आधी बघून ठेवा.

१७. डॉक्टरांसमोर हे बोलायलाच जमत नाही.

मग लिहून न्या. भिंतीवरच्या कालनिर्णयावर रोजच्या चौकटीत खूण करा : स म्हणजे संडास, ल म्हणजे रात्रीची लघवी, र म्हणजे रक्त. तीन आठवड्यांनी (र ची खूण पडली तर त्याच आठवड्यात) ते पान फाडून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं की बोलायचं अर्धं काम झालं. तोंडाने बोलायचंच तर पहिलं वाक्य हेच ठेवा, "मला संडासच्या जागी त्रास आहे" किंवा "मला लघवीचा त्रास आहे." "अशक्तपणा वाटतो" अशी सुरुवात केली की टॉनिक मिळतं आणि खरं दुखणं तसंच घरी परत येतं. बाई डॉक्टर हवी असेल तर खिडकीवरच सांगा. ते मागण्यात काही गैर नाही.

१८. सगळ्या तपासण्या नॉर्मल आल्या. त्रास मात्र आहे तसाच आहे.

तपासणी नॉर्मल म्हणजे त्या दिवशी, त्या तपासणीत काही दिसलं नाही, एवढंच. ती चांगलीच बातमी आहे, पण त्रास खोटा ठरत नाही. उठण्याआधी डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा : "आता या त्रासाला नाव काय द्यायचं?" आणि "काय झालं तर मी परत यायचं, आणि किती दिवसांनी?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कागदावर लिहून घ्या. महिना-दीड महिन्यात फरक पडला नाही, किंवा प्रश्न २ मधलं काही नवीन जोडलं गेलं, तर तोच कागद घेऊन परत जा. वर्षापूर्वीची नॉर्मल सोनोग्राफी या वर्षीच्या रक्ताला उत्तर देत नाही.

एका शाळामास्तरांना असं तिसऱ्यांदा परत पाठवावं लागलं. ते म्हणाले, "बाई, डॉक्टर म्हणतील हा पुन्हा आला." मी म्हटलं, म्हणू देत. ते गेले. आतड्याच्या वळणावर एक छोटा कोंब सापडला, दुर्बिणीतूनच काढला, त्याच संध्याकाळी ते घरी जेवायला होते.